'ताकेकुराबे'च्या पहिल्या वाक्यापाशी थांबलेल्या वाचकासाठी

तुम्ही लिहिले आहे की जपानी भाषेची एन-टू परीक्षा उत्तीर्ण होऊन दोन वर्षे झाली, वृत्तपत्र फारसा अडखळ न होता वाचता येते, तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या लेखिका हिगुची इचियो यांची 'ताकेकुराबे' ही कथा उघडल्यावर पहिले वाक्यच ओलांडता आले नाही. त्यावरून तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: आधी तिच्या वरची एन-वन परीक्षा करावी का, मूळ वाचण्यापूर्वी भाषांतर वाचले तर चालेल का, आणि एकोणिसाव्या शतकातील जपानी साहित्य पुढे संशोधनाचा व अध्यापनाचा विषय करायचा असेल तर सुरुवात कोठून करावी. हा विषय मी वीस-बावीस वर्षे शिकवते आहे. तिन्ही प्रश्नांना उत्तर देते, पण भाषांतराचा प्रश्न शेवटी घेते, कारण बाकीचे बोलून झाल्यावरच तो नीट मांडता येतो.

तुमची अडचण शब्दसंपत्तीची नाही आणि कांजींची, म्हणजे चिनीतून आलेल्या अक्षरचिन्हांचीही नाही. आज आपण जी लिखित जपानी शिकतो, ती बोलण्याच्या जवळ जाणारी गद्यशैली एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दीड दशकात घडू लागली आणि विसाव्या शतकात सर्वत्र रुळली. त्याआधी, आणि काही काळ तिच्या बरोबरीनेही, लिहिण्याची भाषा वेगळी होती. तिला बुन्गो म्हणतात. तिचे व्याकरण सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या हेइआन काळातील भाषेवर बेतलेले आहे, क्रियापदांची रूपे निराळी आहेत, आणि शब्दलेखन उच्चाराशी जुळत नाही: 'आज' या अर्थी लिहायचे 'केफु' आणि वाचायचे 'क्यो'. एन-वनच्या अभ्यासात याचे काही अवशेष भेटतात, व्याकरण भेटत नाही. नोकरीसाठी हवी असेल तर एन-वन जरूर करा. इचियोंसाठी तिची वाट पाहण्यात अर्थ नाही.

ज्या वाक्याशी तुम्ही अडलात ते जवळून पाहू. त्याचा आरंभ असा आहे: 'मावारेबा ओमोन नो मिकाएरी यानागी इतो नागाकेरेदो'. आधुनिक जपानी शिकलेला वाचक 'मावारेबा' पाहताच 'वळसा घातला तर' असा अर्थ घेतो आणि पुढच्या शब्दांत त्या 'तर'चे उत्तर शोधू लागतो. ते सापडत नाही, कारण बुन्गोमध्ये या रूपाचा अर्थ 'वळसा घालून गेले की' असा होतो. 'तर'साठी 'मावाराबा' हे वेगळे रूप आहे. 'ए' आणि 'आ' या एका स्वराच्या फरकाने घटना आणि शक्यता वेगळ्या होतात, आणि आधुनिक भाषेने त्यांतले एकच रूप ठेवून त्याला दुसऱ्याचा अर्थ दिला आहे. ओमोन म्हणजे तोक्योतील योशिवारा या वेश्यावस्तीचे महाद्वार. मिकाएरी यानागी म्हणजे तेथून परतणारा माणूस ज्या ठिकाणी मागे वळून पाहतो, तिथले विलोचे झाड, आपल्याकडच्या वाळुंजाच्या कुळातले. 'इतो' म्हणजे 'फार', आणि 'इतो' म्हणजे 'धागा' सुद्धा. वाट फार लांब आहे आणि विलोच्या धाग्यांसारख्या फांद्याही लांब आहेत. शाळेत मराठीच्या तासाला श्लेष शिकलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही, आणि माझ्या अनुभवात आपले विद्यार्थी ही जागा लगेच पकडतात.

वाक्य पुढे चालूच राहते. वस्तीभोवतीच्या खंदकाला ओहागुरो दोबु म्हणत. ओहागुरो म्हणजे दात काळे करण्याचा रंग, आपल्या आज्या-पणज्यांचे दातवण. त्या काळ्या पाण्यात तिसऱ्या मजल्यावरचे दिवे पडलेले दिसतात आणि तिथला गलका हाताने उचलून घ्यावा इतका जवळ वाटतो. दिवसरात्र हातरिक्षा ये-जा करतात आणि त्यावरून भरभराटीचा अंदाज बांधावा. दाइओन्जी-माए, म्हणजे दाइओन्जी मंदिरासमोरचा भाग, या नावाला बुद्धाचा वास येतो खरा, पण वस्ती भलतीच आनंदी. आणि मग शेवटी, अगदी शेवटी, 'असे तिथे राहणारे लोक म्हणत'. 'मोशिकी' या क्रियापदावर वाक्य संपते तेव्हा कळते की हा सगळा आवाज लेखिकेचा नव्हता, गल्लीतल्या लोकांचा होता. क्रियापद शेवटी ठेवण्याची सवय मराठीत आपल्याला उपजत आहे. 'राहणारे लोक' हे विशेषण नामाच्या आधी घालण्याचीही आहे. इंग्रजीतून जपानी शिकवणारी पुस्तके ज्या गोष्टींवर पाने खर्च करतात त्या आपल्याला फुकट मिळतात. आपण अडतो ते क्रियापदांच्या शेपटांपाशी.

म्हणून माझा पहिला सल्ला हा शेपटांचा आहे. 'की', 'केरी', 'त्सु', 'नु', 'तारी', 'री', 'मु', 'बेशी', 'झु' अशी सुमारे दोन डझन सहायक क्रियापदे आहेत. कोणते सहायक क्रियापदाच्या कोणत्या रूपाला लागते आणि त्याने वाक्याला काय रंग येतो, एवढे पक्के झाले की पानावरची धूळ बसते. यासाठी महागडे ग्रंथ नकोत. जपानमधील माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांत मुलांना अभिजात व्याकरणाची जी पातळ पुस्तिका देतात, ती मागवा. तिच्यातील रूपांचा तक्ता आपल्याकडे संस्कृतची रूपे पाठ करायला लावत तसा मोठ्याने पाठ करा. मी वर्गात पहिले काही आठवडे एकच काम देते: पान मोठ्याने वाचायचे, प्रत्येक क्रियापदाच्या शेपटाखाली पेन्सिलीने रेघ ओढायची, अर्थ विचारायचा नाही. विद्यार्थी वैतागतात, पण चौथ्या आठवड्यात आपोआप विराम योग्य जागी घेऊ लागतात. मोठ्याने वाचणे ही केवळ शिकवण्याची युक्तीही नाही. माएदा आइ या समीक्षकाने १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले आहे की मेइजी काळात (१८६८-१९१२) घरात एकाने वाचायचे आणि इतरांनी ऐकायचे ही रीत बरीच टिकून होती, आणि एकट्याने मनात वाचणारा वाचक हळूहळू तयार झाला. ही पुस्तके कानासाठी लिहिली गेली होती. ती नुसत्या डोळ्यांनी वाचली की निम्मी हरवतात.

प्रारंभाचा मजकूर म्हणून मी 'ताकेकुराबे' देत नाही. मोरी ओगाई यांची १८९० मधील 'माइहिमे' ही कथा देते. 'कोळसा भरून झाला' अशा अर्थाच्या एका छोट्या वाक्याने ती सुरू होते, त्यात 'त्सु' हे पूर्णतादर्शक शेपूट स्वच्छ दिसते, वाक्ये आटोपशीर आहेत, आणि जपानी शाळांतून ती शिकवली जात असल्यामुळे टीपांसह आवृत्त्या भरपूर मिळतात. आठवड्याला सहा-सात तास देणाऱ्या तुमच्या पातळीच्या विद्यार्थ्याला बुन्गो हाताशी यायला माझ्या वर्गात आठ-नऊ महिने लागतात. नोकरी सांभाळून करणाऱ्याला वर्ष-दीड वर्ष. हे आकडे माणसागणिक बदलतात, आणि संस्कृत किंवा जुनी मराठी थोडीफार वाचलेल्याला कमी वेळ लागतो असे माझे निरीक्षण आहे.

आता संशोधनाचा प्रश्न. येथे परिस्थितीवर बरेच अवलंबून आहे, आणि पहिली अडचण अशी की 'एकोणिसाव्या शतकातील जपानी साहित्य' नावाचे खाते जपानी विद्यापीठांत सहसा नसते. १८६८ च्या मेइजी सत्तांतरापाशी रेघ ओढलेली आहे. तिच्या आधीचे ते 'किन्सेई', नंतरचे ते 'किन्दाई'. प्राध्यापक वेगळे, अभ्यासमंडळे वेगळी, नियतकालिके वेगळी. शिष्यवृत्तीसाठी संशोधनाचा आराखडा लिहिताना तुम्हाला कोणत्या तरी एका दारावर थाप मारावी लागेल. तशी मारा. पण वाचताना ती रेघ मनातून पुसून टाका, कारण लेखकांनी ती पाळली नव्हती.

उदाहरण द्यायचे तर त्सुबोउची शोयो यांचेच द्यावे लागेल. १८८५-८६ मध्ये 'शोसेत्सु शिन्झुई' या प्रबंधातून त्यांनी आधुनिक कादंबरीची बाजू मांडली आणि शतकाच्या पूर्वार्धातले कादंबरीकार क्योकुतेई बाकिन यांच्या 'हाक्केन्देन'मधील आठ वीरांना आठ सद्गुणांची भुते म्हटले, माणसे मानायला नकार दिला. जुन्या साहित्याच्या मृत्युलेखासारखे हे वाक्य पाठ्यपुस्तकांतून फिरत असते. पण हेच शोयो नागोयातील दाइसो या भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानात पडीक असत आणि बाकिन वाचूनच वाढले होते. त्यांनी बाकिनना इतके नेमके झोडपले कारण बाकिन त्यांना तोंडपाठ होते. फुताबातेई शिमेई यांची 'उकिगुमो' (१८८७-८९) पहिली आधुनिक कादंबरी म्हणून शिकवतात. तिच्या भाषेबद्दल त्यांनी स्वतःच नंतर लिहिले आहे की कसे लिहावे हे कळेना तेव्हा शोयोंनी सान्युतेई एन्चो या कथाकथनकाराच्या धर्तीवर लिहून पाहा असे सुचवले, आणि विनोदी लेखक शिकितेई सान्बा यांच्या पुस्तकांतील, आजच्या तोक्योतल्या फुकागावा भागाच्या बोलीचाही उपयोग झाला. एन्चो यांची 'बोतान दोरो' ही भूतकथा १८८४ मध्ये लघुलेखनाने उतरवून छापली गेली होती, आणि सान्बा यांचे सार्वजनिक न्हाणीघरातील गप्पांचे पुस्तक १८०९ पासूनचे. म्हणजे आधुनिक गद्याच्या मुळाशी फुताबातेईंनी वाचलेली रशियन कादंबरी आहे तशी रंगमंचावरची गोष्ट आहे आणि न्हाणीघरही आहे. इचियोंनीही आपल्या रोजनिशीत सातव्या वर्षापासून कुसाझोशी ही सचित्र लोकप्रिय पुस्तके आवडू लागल्याचे नोंदले आहे.

या कारणाने माझ्या अभ्यासक्रमात मी शतक उलट्या दिशेने शिकवते: १८९० च्या दशकातून मागे, बाकिन आणि सान्बांकडे. सान्बांचे संवाद तर तुम्हाला ओगाईंपेक्षा सोपे जातील, कारण ते बोलणे आहे. बाकिनना मात्र घाईने हात लावू नका. १८१४ ते १८४२ अशी अठ्ठावीस वर्षे आणि १०६ पुस्तिका एवढा 'हाक्केन्देन'चा पसारा आहे. शेवटी दृष्टी गेल्यावर त्यांनी सून ओमिची हिला मजकूर सांगून लिहून घेतला, आणि तिला कांजी फारशा येत नसल्याने एकेक अक्षर तोंडी समजावले. ग्रंथाच्या अखेरीस त्यांनी ती हकिकत स्वतः सांगितली आहे, आणि मी ती वर्गात नेहमी वाचून घेते, कारण ज्या लेखकाला शोयोंनी भुतांचा बाप ठरवले तो तिथे एका घरातला थकलेला सासरा म्हणून भेटतो.

चिनी भाषेत केलेल्या लेखनाकडे, म्हणजे कान्बुनकडे, नवे विद्यार्थी पाठ फिरवतात. ती चूक आहे. राइ सान्यो यांचा 'निहोन गाइशी' हा इतिहास कान्बुनमध्ये असूनही एकोणिसाव्या शतकात घराघरांत वाचला गेला. कान्बुन वाचण्याची जपानी पद्धत आपल्याला परकी नाही: श्लोकाचा अन्वय लावतो तसे बारीक खुणांच्या आधाराने शब्द मागेपुढे करायचे, आणि वाचायचे ते थेट जपानीत. पत्रव्यवहाराची 'सोरो' शैली अजून निराळी. प्रत्येक वाक्य 'सोरो'वर टेकते. 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' पाहिलेल्यांना तिचा सूर लगेच ओळखता येईल.

लिपीबद्दल तुम्ही विचारले नाही, पण विचारायला हवे होते. १८७० च्या दशकापर्यंत बहुतेक पुस्तके लाकडी ठशांवर कोरून छापली जात आणि त्यांतील अक्षर वळणदार जोडलिपीचे असे. तिला कुझुशीजी म्हणतात. एका उच्चारासाठी अनेक काना-चिन्हे, म्हणजे उच्चार दाखवणारी अक्षरे, चालत. प्रत्येक ध्वनीला एकच चिन्ह हे बंधन प्राथमिक शिक्षणासाठी १९०० साली आले. जपानमध्ये एखाद्या जुन्या सोबाच्या (शेवयांसारख्या नूडल्सच्या) दुकानाची पाटी पाहिलीत तर 'सोबा'तील 'बा' तुम्हाला ओळखू येणार नाही. तिथे आजही जुने चिन्ह लिहिण्याची हौस आहे. ज्याने मोडीची कागदपत्रे वाचली आहेत त्याला या लिपीचे भय वाटत नाही. अक्षरे एकमेकांत गुंतलेली, शब्द तोडलेले नाहीत, एकच अक्षर तीन तऱ्हांनी काढलेले, आणि अर्थ ठाऊक असला तरच अक्षर लागते, हा अनुभव त्याने घेतलेला असतो. ओसाका विद्यापीठाने २०१६ मध्ये सरावासाठी काढलेले 'कुला' हे ॲप मी विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून देते. २०२१ मध्ये आलेले 'मिवो' पानाचे छायाचित्र घेऊन अक्षरे ओळखून देते. ते मी आपण स्वतः पान एकदा लावून पाहिल्यानंतरच उघडू देते, नाहीतर डोळा तयार होत नाही. अर्थात तुमचा विषय १८९० चे दशक असेल तर छापील खिळ्यांचा मजकूर तुमच्यापुढे असेल, कांजींशेजारी बहुधा फुरिगाना, म्हणजे बारीक अक्षरांतला उच्चारही असेल, आणि कुझुशीजी तुम्हाला हस्तलिखितांपुरतीच लागेल. बाकिनकडे वळायचे असेल तर तिच्याशिवाय एक पाऊलही पडणार नाही.

आणखी दोन किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी. जपानने नवे कॅलेंडर १ जानेवारी १८७३ पासून स्वीकारले. त्याआधीच्या तारखा चांद्रमासांच्या आहेत, त्यामुळे वर्षाच्या बाराव्या महिन्यातील घटना पुष्कळदा पुढच्या इसवी सनात जाते. कादंबरीकार तामेनागा शुनसुई यांना १८४२ मध्ये शृंगारिक लेखनाबद्दल पन्नास दिवस हातकड्यांची शिक्षा झाली. त्यांचा मृत्यू मात्र कोणी १८४३ मध्ये लिहितो, कोणी १८४४ मध्ये, आणि कारण हेच. शकावरून इसवी सन काढताना पौष-माघापाशी आपल्याकडेही असाच घोटाळा होतो. वयेही जन्मतःच एक धरून मोजलेली असतात. 'ताकेकुराबे'ची नायिका मिदोरी, त्या वेश्यावस्तीच्या छायेत वाढणारी मुलगी, चौदाची सांगितली आहे ती आपल्या हिशेबाने त्याहून लहान. दुसरी गोष्ट कोशाची. एकोणिसाव्या शतकातील मराठी वाचताना आपण मोल्सवर्थ उघडतो, तसा त्या काळच्या जपानीसाठी हेपबर्न यांचा जपानी-इंग्रजी कोश उघडावा. १८६७, १८७२ आणि १८८६ अशा त्याच्या तीन आवृत्त्या आहेत, आणि एखादा शब्द पहिल्या आवृत्तीत नसून तिसरीत असेल तर ती माहितीच मोलाची असते.

थोडक्यात, एन-वनसाठी थांबू नका, बुन्गोचे तक्ते पाठ करा, 'माइहिमे' मोठ्याने वाचा, मग 'ताकेकुराबे' घ्या, आणि लिपी किती शिकायची हे शतकाचा कोणता अर्धा हवा त्यावर ठरवा.

राहिला भाषांतराचा प्रश्न. वाचा, अवश्य वाचा. रॉबर्ट लायन्स डॅन्ली यांचे १९८१ चे इंग्रजी भाषांतर उत्तम आहे, आणि कावाकामी मिएको यांनी २०१५ मध्ये केलेले आधुनिक जपानी रूपांतर तुमच्या पातळीला झेपेल. कथा ठाऊक असल्याने मूळ वाचण्याचा आनंद कमी होत नाही. गल्ली, सण, दोन टोळ्या आणि कोण कोणावर रुसले आहे हे आधी कळलेले बरे असते. फक्त भाषांतर कुठे गप्प बसते हे पाहण्यासाठी मूळ शेजारी उघडे ठेवा. शेवटाकडे मिदोरी अचानक खेळणे सोडते, लाजू लागते, कोणाशी बोलत नाही. तिला ऋतुप्राप्ती झाली असे बरीच वर्षे मानले जाई. १९८५ मध्ये लेखिका साता इनेको यांनी शंका घेतली की तिचा पहिला ग्राहक झाला असावा, आणि माएदा आइ यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. मजकूर दोन्ही अर्थांना वाव देतो. भाषांतरकाराने एक विशेषण जास्त घातले तरी तो वाव बुजतो. वर्गात या जागी मी बोलणे थांबवते आणि विद्यार्थ्यांना मजकुरात बोट ठेवायला सांगते. कोणाचेही बोट एका शब्दावर ठरत नाही.

आणि अखेरचे वाक्य. थंडीच्या एका पहाटे मिदोरीच्या दाराच्या जाळीतून कोणीतरी नरगिसाचे कागदी फूल खोचून ठेवते, आणि मग कळते की त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या ओळखीचा, मंदिरातल्या पुजाऱ्याचा मुलगा शिन्न्यो मठाच्या विद्यालयात 'सोदे नो इरो काएनुबेकी' होता, म्हणजे त्याच्या बाहीचा रंग बदलणार होता, तो भिक्षू होणार होता. विद्यार्थिदशेत जपानमधील एका चर्चावर्गात मी 'काएनु' पाहिले, आधुनिक सवयीने त्याला नकार समजले, आणि शिन्न्यो भिक्षू होत नाही असे ठामपणे सांगून मोकळी झाले. कोणी हसले नाही, हे जास्त लागले. तो 'नु' नकाराचा नाही, होणारच अशा खात्रीचा आहे. 'बेकी'च्या आधी नकार असता तर रूप वेगळे झाले असते. त्या दिवसापासून मी शेपटांखाली रेघा ओढते.

त्याच वाक्याचे शेवटचे शेपूट 'तो झो' आहे. त्याला इंग्रजीत एका शब्दाचा प्रतिशब्द नाही, म्हणून भाषांतरांत ते पसरट होते किंवा गळून जाते. मराठीत आहे. गल्लीतले लोक 'म्हणत' इथून सुरू झालेली गोष्ट, ज्या दिवशी त्याच्या बाहीचा रंग बदलायचा होता तो त्या पहाटेनंतरचाच दिवस होता, म्हणे.